जाळ्या धुतल्या

गेल्या महिन्यात लालबागहून वहिनींचा फोन आला. "वन्सं, एक माणूस आलाय. ह्यांचं चित्र मागतोय. पाच हजार देतो म्हणतो. देऊ का?"

मी म्हटलं, "वहिनी, त्याला चहा द्या, चित्र देऊ नका. मी उद्या येते."

थोडं मागचं सांगायला हवं. दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांची चाळ पुनर्विकासाला गेली आहे आणि सगळ्यांना खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी कधीपासून सांगून ठेवलंय, पैशांपायी ते पुढे ढकललं जातंय. अशा वेळी भिंतीवरच्या चित्राचे पाच हजार मिळत असतील तर घ्यावेत, असं भाच्याला वाटलं. त्याचंही चूक नाही.

चित्र मी तीस वर्षं पाहत आले होते. निळ्या रंगावर एक पिवळसर बाई, तिच्या मनगटावर पक्षी. खाली पेन्सिलीने सही. चित्रकार मोठे आहेत, आज हयात नाहीत. पुढे चित्राचं काय होईल ते अजून ठरलेलं नाही, म्हणून त्यांचं नाव इथे लिहीत नाही. दादांनी ते चित्र कधी भिंतीवरून हलू दिलं नाही, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. का ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. आयुष्यभर इतिहास शिकवला, पण घरातल्या भिंतीवरचा इतिहास विचारायचं राहूनच गेलं!

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा वहिनींनी त्या माणसाचं म्हणणं सांगितलं. "आजी, ही छापील प्रत आहे. अशा प्रतींवर नंबर असतो, सत्तरावर शंभर, ऐंशीवर शंभर असा. तुमच्या चित्रावर नंबर नाही. म्हणजे वाया गेलेली प्रत. कारखान्यातून कुणीतरी उचलून आणलेली."

हे शेवटचं वाक्य वहिनींना लागलं होतं. पाच हजारांचं राहू दे, पण "उचलून आणलेली" म्हणजे काय? आमचे दादा चोर?

तर मंडळी, त्या एका शब्दामुळे मी या वयात छपाईचा अभ्यास केला. माझी एक जुनी विद्यार्थिनी छापचित्रांचं काम करते, तिने मदत केली. जे समजलं ते इथे मांडते. कुणाच्या घरात असं एखादं चित्र असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, छापील चित्र म्हणजे फोटोची नक्कल असं आपण समजतो. तसं नेहमीच नसतं. शाळेत मुलींना फुलाचे पुंकेसर दाखवायला मी एक भिंग वापरत असे. ते घेऊन मी आधी दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ पाहिलं. त्यात चार रंगांचे बारीक ठिपके, अगदी ओळीने, एकमेकांभोवती फुलासारखे मांडलेले. ही ऑफसेटची छपाई, यंत्राने हजारो प्रती निघतात. मग तेच भिंग दादांच्या चित्रावर धरलं. ठिपके नाहीत! निळा म्हणजे सलग निळा, भिंतीला रंग दिल्यासारखा. एका रंगावर दुसरा रंग जिथे चढला आहे तिथे कडेला बारीकसा उंचवटा. उजेड तिरका पाडला की तो दिसतो. ही स्क्रीन प्रिंटिंगची खूण. चित्रकलेच्या दुनियेत तिला सेरीग्राफ म्हणतात. हा शब्द १९४०च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाला, तो मुळात रेशमावरून आलेला, कारण जाळी पूर्वी रेशमाची असे.

सहीसुद्धा तशीच पाहायची. छापलेली सही कागदावर सपाट बसते. पेन्सिलीची सही तिरक्या उजेडात शिशासारखी चमकते आणि कागदाला थोडी दबलेली असते. आमची चमकली. म्हणजे चित्र खरं होतं. प्रश्न उरला नंबराचा.

नंबर ही भानगड कुठून आली, हे समजण्यासाठी जरा मागे जावं लागतं, आणि मागे गेलं की आपण थेट गिरगावात पोचतो.

दगडावरून छापण्याची कला, म्हणजे शिळाछाप, जर्मनीत अठराव्या शतकाच्या शेवटी आलॉइस झेनेफेल्डरने शोधली. ती मुंबईत फार लवकर आली. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. या पहिल्या जागेसाठी पुस्तकांत गिरगावचं नाव येतं, कुठे घाटकोपरचंही येतं. यंत्रं जर्मनीहून आली, तंत्रज्ञ जर्मन होते. पहिलं चित्र छापलं ते शकुंतलेच्या जन्माचं. एकेका रंगाला एकेक दगड, असे कित्येक दगड एका चित्राला लागत. त्या चित्रांना भिंगाखाली धरलं तर ठिपके दिसतात, पण ते ओळीने नसतात. ते कारागिराने हाताने टाकलेले, कमीजास्त असतात. जुनी प्रत आणि आजची नक्कल ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

मुंबईत १८९६ पासून प्लेगने थैमान घातलं, धंदाही तोट्यात होता. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. थोड्याच वर्षांत तो रविवर्म्यांच्या हातून फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. म्हणून जुन्या चित्रांखाली कार्ला-लोणावळा असा पत्ता छापलेला आढळतो. दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केलं होतं. पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, तो दादरला आला, तो सुटल्यावर ते सिनेमाकडे वळले, आणि १९१३ साली गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. मळवलीचा कारखाना मात्र १९७२ मध्ये आगीत गेला.

आता गंमत पाहा. रविवर्म्यांच्या चित्रांवर नंबर नसे. असणारच कसा? जितक्या जास्त प्रती निघतील तितकं बरं, प्रत्येक घरात लक्ष्मी-सरस्वती पोचावी हाच तर हेतू होता. आमच्या गिरगावच्या खोलीतही देव्हाऱ्यावर ती कमळावर उभी असलेली लक्ष्मी होती. आईने तिच्यापुढे इतकी वर्षं उदबत्ती लावली की काच आतून पिवळी झाली. पुढे ओल लागून चित्राचा कोपरा फाटला. फाटलेला देव घरात ठेवत नाहीत. म्हणून एका अनंत चतुर्दशीला दादांनी ते चौपाटीवर नेऊन समुद्रात सोडलं. मी बरोबर होते.

अशीच घराघरांतली चित्रं गेली. कसर लागली, रंग उडाला, नवं कॅलेंडर आलं, जुनं विसर्जित झालं. मुबलक छापलेली ती चित्रं आज चांगल्या स्थितीत मिळणं अवघड झालं आहे, म्हणून संग्राहक शोधत फिरतात. म्हणजे ती दुर्मिळ झाली ती आपण त्यांची पूजा केली म्हणून, आणि पूजा संपल्यावर जपली नाहीत म्हणून.

नंबराची दुर्मिळता वेगळी. ती आधीच ठरवलेली असते. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छपाई इतकी स्वस्त झाली की चित्रकारांना भीती वाटू लागली, आपल्या छापचित्राला कोण विचारणार? व्हिसलरसारखे चित्रकार प्रतींवर पेन्सिलीने सही करू लागले. हळूहळू रीत पडली की प्रती मोजक्याच काढायच्या आणि प्रत्येकीवर लिहायचं, शंभरांपैकी ही सतरावी. हा सतरा आकडा छपाईचा क्रम दाखवतोच असं नाही बरं का. प्रती वाळल्यावर गठ्ठ्यातून जशा हाताला येतील तसे आकडे पडतात. त्यामुळे पहिला नंबर शंभराव्यापेक्षा भारी, हा समज स्क्रीन प्रिंटिंगच्या बाबतीत फोल आहे. महत्त्वाचा असतो खालचा आकडा, शंभर. ते वचन असतं की एकशेएकावी प्रत निघणार नाही.

वचन द्यायला चित्रकाराची सही पुरते. पण ते पाळतो कोण? हा प्रश्न माझ्या मनात आला आणि मग मला दादा दिसायला लागले.

दादा १९६५ साली गिरणीत लागले, कापडावरच्या छपाईच्या खात्यात. जाळीच्या चौकटी, त्यातून ओढलेला रंग, नीट जुळवलेली फुलं, हे त्यांचं काम. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि लालबाग-परळमधल्या हजारो घरांसारखं आमच्या दादांचंही सगळं थांबलं. त्यांना परत कामावर घेतलं नाही. दोन वर्षं त्यांनी घरातच लग्नपत्रिका छापल्या. पलंग उभा करून ठेवायचे आणि जमिनीवर चौकट मांडायचे. भाचा तेव्हा लहान होता. त्याच्या गृहपाठाच्या वह्यांवर सोनेरी शाईचे डाग पडलेले असायचे.

मग लोअर परळला एका छोट्या जागेत चित्रकारांची छापचित्रं काढणारे एकजण त्यांना भेटले. त्यांना गिरणीतला हात हवा होता. साडीच्या सहा वारांत फूल न हलवणारा माणूस कागदावरची रेषही हलवणार नाही, हे त्यांनी ओळखलं. दादा तिथे १९८६ पासून जवळजवळ पंधरा वर्षं होते. आम्हाला सांगायचे, "स्क्रीन प्रिंटिंगचं काम आहे." आम्हाला वाटायचं, लग्नपत्रिकाच.

हे सगळं मला कळलं ते त्यांच्या वहीवरून. वहिनींनी माळ्यावरची ट्रंक उघडली. त्यात एक लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची हिशेबाची वही होती. एका बाजूने घरखर्च, रेशन, भाच्याची फी, माझ्याकडून घेतलेले उसने दोनशे रुपये (ते परत दिल्याचीही तारीख!). आणि वही उलटी धरली की दुसऱ्या बाजूने कामाच्या नोंदी.

१९९१च्या पानांवर आमचं चित्र सापडलं. 'बाई-पक्षी, रंग १४' असं वर लिहिलेलं. खाली प्रत्येक रंगाची तारीख, कशात काय मिसळलं ते, आणि 'कागद १३०'. शेवटी हिशेब: शंभर अधिक दहा अधिक दोन. बाद अठरा, फाडले.

बेरीज करून पाहिली. एकशेबारा आणि अठरा, बरोबर एकशेतीस. एकही कागद कमी नाही. चौदा रंग आणि एकशेतीस कागद, म्हणजे सगळे कागद शेवटपर्यंत नेले असतील तर अठराशेवीस वेळा दादांनी तो रबराचा स्क्वीजी ओढला, आणि प्रत्येक वेळी कागद आधीच्या रंगाशी केसभरही न चुकता जुळवला. एक रंग वाळेपर्यंत दुसरा चढवायचा नाही.

शंभर प्रती विक्रीच्या. दहा चित्रकाराच्या स्वतःच्या, त्यांवर इंग्रजी ए. पी. अशी अक्षरं असतात. आणि दोन छापणाऱ्याच्या. त्यांवर नंबर नसतो, पी. पी. लिहितात. प्रिंटर्स प्रूफ, छापणाऱ्याची प्रत. ही छापणाऱ्याला मानाने द्यायची रीत आहे.

आम्ही फ्रेम उघडून घेतली. माउंटच्या पुठ्ठ्याखाली दोन बोटं कागद झाकला गेला होता. त्या झाकलेल्या डाव्या कोपऱ्यात, अगदी फिकट पेन्सिलीने, पी. पी. अशी दोन अक्षरं होती.

वहिनींनी विचारलं, "म्हणजे काय वन्सं?"

मी सांगितलं, "म्हणजे उचलून आणलेली नाही. दिलेली आहे."

त्या काही बोलल्या नाहीत. पदराने काच पुसत राहिल्या. काच तर केव्हाच बाजूला काढून ठेवली होती.

आता किमतीचं. सगळ्यांना तेच हवं असतं, आणि विचारण्यात गैर काही नाही. छापचित्राची किंमत ठरते ती चित्रकार कोण, प्रती किती, चित्र त्याच्या चांगल्या कामांपैकी आहे का, कागदाची स्थिती कशी आणि ते कुणाकुणाच्या हातून आलं, यावर. सगळ्यात भरवशाचा आधार म्हणजे त्याच चित्राची दुसरी प्रत पूर्वी कितीला गेली. मुंबईतल्या लिलावगृहांचे जुने निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. दुकानात लावलेली किंमत आणि प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत यांत फरक असतो, हे मात्र ध्यानात ठेवायचं. शिवाय विक्रीतून दलाली वजा होते. छापणाऱ्याची प्रत साधारणपणे नंबरवाल्या प्रतीच्या आसपासच धरतात.

आमच्या चित्रात उणं होतंच. गॅलरीतून रोज दुपारी येणारं ऊन उजव्या बाजूवर पडून तिथला निळा फिका झालाय. स्वस्त पुठ्ठ्यातल्या आम्लाने कडेला तपकिरी रेघ उमटली आहे. (चित्र उन्हात लावू नका, काचेला चिकटू देऊ नका, लॅमिनेशन तर कधीच करू नका. पुठ्ठा आम्लविरहित मागून घ्या.) दोन जाणकारांनी स्वतंत्रपणे पाहून आकडा सांगितला. तो पाच हजारांच्या कितीतरी पट आहे. दोन्ही गुडघ्यांचं नाही, पण एकाचं ऑपरेशन होईल इतका.

पण त्यातल्या एकाने विचारलं, वहीही देणार का? वही बरोबर असेल तर चित्राच्या खरेपणाला मोठा आधार मिळतो, भाव वाढतो. भाचा माझ्याकडे बघायला लागला, मी वहिनींकडे.

वहिनींनी वही मांडीवर घेतली. अक्षरं त्यांना आता नीट दिसत नाहीत. "त्या पानावर शेवटी काय लिहिलंय, वाचा ना," म्हणाल्या.

हिशेबाच्या खाली तारीख होती आणि दोन शब्द. मी वाचले: "जाळ्या धुतल्या."

वर्गात शिकवल्यासारखं मी समजावून सांगितलं. जाळीवर चित्राचा ठसा असतो. तो असेपर्यंत कधीही आणखी प्रती काढता येतात, कुणाला कळणारही नाही. चौदा जाळ्या पाण्याखाली धरून तो ठसा पुसला की मग ब्रह्मदेव आला तरी एकशेतेरावी प्रत निघत नाही. चित्रकाराने शंभराचं वचन दिलं होतं. ते पाळलं दादांनी, संध्याकाळी सगळे गेल्यावर मोरीत उभं राहून. त्या दिवसांत घरात पैशांची किती ओढ होती ते वही उलटी केली की लगेच दिसतं.

रविवर्म्यांच्या कारखान्यात दगडांवर ठिपके टाकणाऱ्यांची नावं आपल्याला कोण सांगणार? चित्राखाली छापखान्याचं नाव आहे, मालकाचं आहे, गावाचंसुद्धा आहे. आमच्या दादांचंही नाव कुठे नाही. पण निदान दोन अक्षरं आहेत, आणि ती चित्रकाराने स्वतःच्या हाताने लिहिली आहेत.

वहिनींनी निर्णय सांगितला. "चित्र द्या. ह्यांनाही माझे गुडघे दुखलेले आवडायचे नाहीत. वही नाही द्यायची. पानाचा फोटो द्या." भाव थोडा कमी येईल असं भाच्याने सांगून पाहिलं. "येऊ दे," म्हणाल्या.

व्यवहार होईपर्यंत चित्र माझ्याकडे दादरला आहे, जिथे ऊन येत नाही अशा भिंतीवर. भाच्याने परवा येऊन वहीच्या त्या पानाचे फोटो काढले. मग वही उलटी करून दुसऱ्या बाजूची पानं चाळत बराच वेळ बसला होता. त्याच्या शाळेच्या फीची नोंद दर महिन्याला, एकदाही चुकलेली नाही.